लग्न तेवढं चांगलं करून द्या

आमच्याकडच्या बैठकीत एक वाक्य हमखास येते. पाहणी झालेली असते, मुलगी पसंत असते, चहाचे कप रिकामे झालेले असतात, आणि मग वरपक्षातला एखादा पोक्त माणूस घसा खाकरून म्हणतो, "आम्हाला काही नको. देवाच्या दयेनं सगळं आहे. लग्न तेवढं चांगलं करून द्या." चार वर्षांपूर्वी नांदेडला माझ्या पुतण्याच्या सोयरिकीत हे वाक्य मी बोललो. तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेला, हुंडाबंदीवर मुलांकडून निबंध लिहून घेणारा माणूस मी. हुंडा मागितला नाही याचे समाधानही त्या क्षणी मनात होते. मुलीचे वडील लोहा तालुक्यातले, पाच एकर कोरडवाहू जमिनीचे धनी. ते लगेच म्हणाले, "करतो की गुरुजी. पोरीचं लग्न का सारखं सारखं होतंय?"

'चांगलं' म्हणजे काय, हे त्यांनी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. ते पुढच्या अर्ध्या तासात आपोआप उलगडत गेले. गावात नको, येणाऱ्यांना अडचणीचे होईल. नांदेडलाच करू, मालेगाव रोडला बरीच कार्यालये आहेत. मुलाचे मित्र पुण्याहून येणार, तेव्हा हॉल जरा थंडगार हवा. पाहुणे हजाराच्या आत बसत नाहीत. एकेक सूचना किती साधी, किती घरगुती! आमच्यातल्या कुणीही रुपयाचा आकडा तोंडातून काढला नाही. सगळे आकडे त्या बापाने घरी जाऊन, मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर, एकट्याने मांडले.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. घेणाराही गुन्हेगार आणि देणाराही, असे तो सांगतो. साठ वर्षांत त्याने एवढे मात्र केले की चारचौघांत रोख रक्कम मागायची आपल्याला लाज वाटू लागली. पण लाज वाटली म्हणून आपला लोभ मेला असे नव्हे. त्याने मागणे बदलले. आता आपण कार्यालय मागतो. कार्यालय कुणी उचलून घरी नेत नाही, ते सोन्यासारखे तिजोरीत ठेवता येत नाही, त्याची पावती वराच्या नावावर फाटत नाही. म्हणून ते कायद्याच्या नजरेला सहसा पडत नाही आणि आपल्या सदसद्विवेकालाही टोचत नाही. रोख हुंड्यात निदान एका घरातून गेलेला पैसा दुसऱ्या घरात दिसे. हा पैसा तर रात्री दहापर्यंत जळून जातो, आणि त्या जळण्याच्या उजेडात आमची प्रतिष्ठा उजळते.

एकदा बसून हिशोब करू या, कारण आपण तो कधी करत नाही. हजार माणसे, २५० रुपयांचे ताट. जेवणाचेच अडीच लाख झाले. आता मुलीच्या बापाची पाच एकर घ्या. पाऊस वेळेवर पडला, अळी आली नाही, शेंगा फुटायच्या आत रास झाली, तर एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरू. एकूण ४० क्विंटल. २०२४-२५चा हमीभाव होता ४,८९२ रुपये. त्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात भाव बराच काळ त्याच्या खालीच राहिला, पण आपण हमीभावच धरू. एक लाख ९६ हजारांच्या आत रक्कम येते. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, काहीही वजा न करता, संपूर्ण शेताचे संपूर्ण वर्ष एका जेवणाला पुरत नाही. हॉलचे भाडे अजून आपण लिहिलेलेच नाही; तिथी दाट असली की ते चढते. स्टेजची फुले आहेत, फेटे आहेत, जनरेटरचे डिझेल आहे, डीजे आहे, फोटोवाल्याचा ड्रोन आहे. आचाऱ्याशी बोली हजार ताटांची असते. सातशेच माणसे आली तरी हजारांचे पैसे मोजावे लागतात. कार्यालयाचे १८ टक्के जीएसटीचे बिल नको असेल तर रोख द्या, असेही कानात सांगितले जाते. मग बाप आडत्याकडे जातो आणि पुढच्या हंगामावर उचल घेतो. तेवढ्याने भागत नाही तेव्हा रस्त्याकडेच्या एक-दीड एकराचे खरेदीखत, 'पैसे फेडले की जमीन परत' या तोंडी बोलीवर, करून दिले जाते.

आणखी एक आकडा आम्हा लातूरकर-नांदेडकरांना तरी कळायला हवा होता: पाण्याचा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. ज्यांनी रात्र रात्र घागरी रांगेत लावल्या, त्याच घरांतल्या लग्नाच्या यादीत आज टँकरचा आकडा सहज लिहिला जातो, आणि दुपारच्या पंगतीनंतर अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागतो. विसरण्याची ही शक्ती आपल्याला कुठून मिळाली असेल?

लातूर तालुक्यात भिसे वाघोली नावाचे गाव आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या एका १८ वर्षांच्या मुलीने स्वतःचे आयुष्य संपवले. आपल्या लग्नासाठी वडिलांची चाललेली ओढाताण तिला पाहवेना. मागे चिठ्ठी ठेवली, तीत आपल्या मृत्यूनंतरच्या विधींवरही खर्च करू नका असे तिने सांगितले होते. मरणानंतरच्या जेवणावळीचाही हिशोब जिने केला, तिला आपण कोणते शिक्षण दिले होते? वर्ष-सव्वा वर्षाने, एप्रिल २०१७ मध्ये, त्याच गावातली दुसरी मुलगी, वय वर्षे २१, त्याच वाटेने गेली. सलग नापिकी, थोरल्या बहिणींची कशीबशी, साधेपणाने उरकलेली लग्ने, आणि तिच्या लग्नासाठी वडिलांना कुठूनही न मिळालेले कर्ज, हे सारे तिने लिहून ठेवले होते. दोन्ही वेळा आपण हळहळलो. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, संपादकीये आली, व्याख्याने झाली. त्यांतल्या एका व्याख्यानाला मी वक्ता होतो. मे महिन्यात नेहमीप्रमाणे कार्यालयांच्या दारांत कमानी लागल्या. त्या मुलींना मारणारा माणूस कोण, असे विचारले तर कुणाकडेच बोट दाखवता येत नाही, कारण तो कुण्या एका घरात राहत नाही. तो 'लोक काय म्हणतील' या वाक्यातल्या 'लोक' या शब्दात राहतो, आणि ते लोक म्हणजे आपण. पत्रिका घरी आली की आधी कार्यालयाचे नाव वाचणारे. जेवून आल्यावर "मठ्ठा पातळ होता" म्हणणारे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. शेतकरी लग्नाच्या उधळपट्टीने बुडतो, हे सुखवस्तू लोकांचे आवडते निदान आहे, आणि ते फार जुने आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा नेमलेल्या आयोगापुढेही हेच कारण सांगितले गेले होते. आयोगाने मात्र नोंदवले की लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले जाते. बी-बियाणे, बैल, सारा, पोटापुरते धान्य यांसाठी सतत काढावी लागणारी लहान लहान कर्जेच रयतेला अधिक बुडवतात. आजही कर्जाचे मूळ भावात आहे, पावसात आहे, धोरणात आहे. ते लपवण्यासाठी कुणी या लेखाचा आधार घेऊ नये. माझा आरोप शेतकऱ्यावर नाहीच. लग्नाचे माप ठरवले कुणी? नांदेड-लातूरच्या लॉन्सवर पहिली लग्ने कोणाची झाली? गुत्तेदारांची, पुढाऱ्यांची, आणि त्यांच्या मागोमाग आम्हा पगारदारांची: प्राध्यापक, गुरुजी, इंजिनिअर, बँकवाले. आमचा पगार एक तारखेला येतो, पाऊस पडो न पडो. त्या बळावर आम्ही माप वाढवले आणि मग आमच्या मुलांसाठी मुली मात्र कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरून शोधल्या, कारण त्या 'संस्कारी' असतात. आमचे माप, त्यांचे शेत. 'लातूर पॅटर्न'चे गुण आम्हाला दशांशापर्यंत पाठ असतात. ज्या बापाने शिकवणीची फी भरून मुलीला तिथवर आणले, त्याच्याकडून तिच्या शिक्षणाची दुसरी फी आम्ही कार्यालयाच्या रूपाने वसूल करतो: मुलगी शिकलेली, म्हणून मुलगा अधिक शिकलेला, म्हणून हॉल अधिक मोठा.

या मापाची झळ लहान मुलींपर्यंत पोहोचते, ते आपल्याला दिसत नाही असे नाही. थोरलीचा मांडव पडलाच आहे, आचारी आलाच आहे, तर त्याच खर्चात धाकटीचेही उरकून घेऊ. 'एका मांडवात दोन' झाली की गाव बापाला हुशार म्हणतो. धाकटी नववीत असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आमच्या शेजारच्या परभणीत ४८ आणि बीडमध्ये जवळजवळ ४४ टक्के. या आकड्यांमागे ऊसतोडीची स्थलांतरे आहेत, मुलीच्या सुरक्षेची भीती आहे. आणि मांडवाची ही बचतही आहे. अशा लग्नांना मी शिक्षक म्हणून गेलो आहे. हजेरीपटातले नाव अक्षता टाकून कमी केले आहे.

रूढी जुनी असते, सुटता सुटत नाही, असे आपण म्हणतो. पण ही रूढी जुनी कुठे आहे? माझ्या बहिणीचे लग्न दारापुढच्या मांडवात झाले. बुंदी गल्लीतल्या बायाबापड्यांनी पाडली, पंगत शाळेच्या पटांगणात बसली. त्याहून पुष्कळ आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पुण्यात अगदी थोड्या खर्चात लागला. आमच्या नांदेडातच सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात रोज हजारोंची पंगत एका रांगेत बसते आणि कुणाच्या बापाची ऐपत न विचारता उठते. इतके लांब कशाला, एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, सरकारने आदेश काढला: लग्नाला २५ माणसे, दोन तास, मोडल्यास ५० हजार रुपये दंड. जी गोष्ट शंभर वर्षांच्या प्रबोधनाने होत नव्हती ती एका कागदाने झाली. त्या उन्हाळ्यात घरांच्या गच्चीवर, शेतातल्या आखाड्यावर लग्ने लागली. त्यांतल्या जोडप्यांची मुले आता अंगणवाडीत जातात. त्यांचे संसार कमी पडले असे कुणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. रोगाच्या भीतीने जे जमले ते शरमेने जमणार नाही, असे मानायला मी तयार नाही. जोडीला सरकारची शुभमंगल योजना आहे, नोंदणी विवाहाची सोय आहे. पण सामुदायिक सोहळ्यात आपण पाहुणे म्हणून फेटा बांधून घेतो, भाषण करतो, आणि आपल्या पोराचे लग्न तिथे लावायचे म्हटले की आपली मान ताठ होते. ते 'गरिबांसाठी' आहे, असे म्हणतो. मीही तसेच म्हणालो आहे.

पुतण्याच्या लग्नादिवशी जेवण आटोपून हात धुवायला मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे भटारखान्याच्या दाराशी मुलीचे वडील आचाऱ्याच्या माणसाबरोबर उभे राहून उष्टी ताटे मोजत होते. डोक्याला फेटा, हातात तीच वही. मी विचारले, "जेवलात का?" ते म्हणाले, "तुमच्या मंडळींचं होऊ द्या गुरुजी." मी हात पुसले आणि फोटोसाठी बोलावणे आले म्हणून स्टेजकडे गेलो.

त्यांचे रस्त्याकडचे दीड एकर आता दुसराच कुणी पेरतो. धाकटी मुलगी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्यांचा फोन आला. लातूरकडचे स्थळ आहे, मुलगा नोकरीला आहे, औसा रोडला घर आहे. "बैठकीला आमच्या बाजूने तुम्ही बसा," म्हणाले. "मोठ्या माणसांत मला बोलता येत नाही." वरपक्षाकडून कोण बोलणार ते मला ठाऊक नाही. काय बोलणार ते ठाऊक आहे. गुरुवारी सकाळची वेळ ठरली आहे. येतो, असे मी त्यांना सांगितले आहे.