खेळ येण्यापूर्वीं

सन २०२० च्या दिवाळींत यवतमाळच्या आमच्या घरीं एकच विषय होता: पुतण्याचा संगणक. वर्षांत तीनदां लांबलेला ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडचा खेळ १० डिसेंबरला यावयाचा होता. निर्मात्यांच्या शिफारशींत १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचें ग्राफिक्स कार्ड. याच्या यंत्रांत रॅम ८ जीबीच! “नवें कार्ड आणूं या, नाहींतर खेळ अडखळेल,” हा त्याचा हट्ट. आजोबा म्हणाले, “आधीं खेळ येऊं दे, मग खर्चाचें पाहूं.” बिचारा चार दिवस रुसला.

खेळ आला. दोष पुष्कळ निघाले. जुन्या प्लेस्टेशनवर तर तो इतका अडखळला कीं, १८ डिसेंबरला सोनीनें तो आपल्या ऑनलाइन दुकानांतून काढून पैसे परत देऊं केले. पुढें दुरुस्त्या झाल्या व जून २०२१ मध्यें तो तेथें परतला.

शिफारशींची यादी यंत्राची ऐपत सांगते, खेळाचा पक्केपणा नव्हे. म्हणून वाचकहो, मुलांच्या उत्कंठेस नांवें ठेवूं नका. मात्र खेळ येऊन पंधरा दिवस जाऊं द्या, खेळणारांचे अनुभव मुलांकडूनच वाचून घ्या, आणि मगच पैशांची पेटी उघडा.