सीईटीची तयारी आठवीच्या पुस्तकातून

"बाई, एखादी ट्रिक सांगा ना!"

बारावीचे पेपर संपून सीईटी तोंडावर आली की माझ्या घरात हे रोज ऐकू येतं. मी वडाळ्यात एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले तरी कोरबा मिठागर, संगम नगर, पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीतली मुलं संध्याकाळी शंका घेऊन येतात. फी घेत नाही, चहा मात्र त्यांनीच करायचा.

ट्रिक मागणाऱ्याच्या पुढ्यात मी आठवीचं पुस्तक ठेवते. पोरांचे चेहरे पडतात, पालक तर सरळ नाराज होतात. कर्ज काढून क्लासची फी भरलीय आणि ह्या बाई आमच्या मुलाला विस्तारसूत्रं काय करायला लावतात!

का लावते, ते सांगते. परवा एक हुशार मुलगी गणित सोडवत होती. एक्स लॉग एक्सचं इंटिग्रेशन, मर्यादा एक ते ई. बाय पार्ट्स तिनं झरझर केलं, कुठं अडली नाही. वरची मर्यादा घातली, बरोबर. एकचा लॉग शून्य, तेही बरोबर. शेवटी कंसात उणे पाव उरलं आणि कंसाबाहेर उणे. कंस सोडताना चिन्ह बदलायचं राहिलं. उत्तर यायला हवं होतं 'ई वर्ग अधिक एक, भागिले चार'. तिनं काढलं 'ई वर्ग उणे एक, भागिले चार'. पर्यायांत दोन्ही होती. पोरं नेमकी कुठं घसरतात हे प्रश्न काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं! आपलं उत्तर पर्यायांत दिसलं की शंका येतच नाही. टिचकी मारून पोरगी पुढं गेली. बारावीचं सगळं येत होतं, दोन गुण शाळेतल्या कंसानं खाल्ले.

एमएचटी-सीईटीच्या इंजिनीअरिंगच्या परीक्षेत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद आणि कॅल्क्युलेटर नाही. त्यातली वीस-तीस सेकंदं सतरा अठ्ठे करण्यात गेली तर विचार करायचा कधी? माझे वडील गोदीत टॅली क्लार्क होते. शिक्षण बेताचं, पण पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. हिशेबाला कागद लागत नसे. घोकंपट्टी म्हणून आपण ते सगळं मोडीत काढलं. समजून शिकवण्याचा आग्रह रास्तच होता, पण पाठांतर गेलं आणि समजही फारशी आली नाही, हे माझं स्पष्ट मत.

इथल्या मुलांना व्हीजेटीआय चालत जाण्याच्या अंतरावर. १८८७ साली सुरू झालेली संस्था, १९२३ पासून माटुंग्यात. फाइव्ह गार्डनला फिरायला गेलं तरी तिची इमारत दिसते. तिथं खुल्या गटातून कॉम्प्युटरला शिरायचं तर पर्सेंटाइल नव्याण्णवच्या वर लागतं. नव्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे नव्याण्णव गुण नव्हेत, शंभरातले नव्याण्णव जण तुमच्या मागं, असा त्याचा अर्थ. अशा चुरशीत एका चिन्हाची किंमत काय होते, ते पालकांनीच ताडावं.

क्लासवाले अगदीच चूक आहेत असं नाही. वेग लागतोच, सराव परीक्षाही हव्यात. पण पाया कच्चा असताना टेस्ट सिरीजवर टेस्ट सिरीज म्हणजे तीच चूक अधिक वेगानं करण्याचा सराव. त्यात सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि अकरावीचं वर्ष बहुतेकांनी 'बोर्ड नाही' म्हणून वाऱ्यावर सोडलेलं असतं. वर्तुळ, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय ही प्रकरणं मग थेट एप्रिलमध्ये भेटतात.

माझ्याकडं आधी घातांक, अवयव, विस्तारसूत्रं. मग दहावीची वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमिती. रोज अर्धा तास, कागद-पेन्सिल, मोबाइल दुसऱ्या खोलीत. प्रत्येक चूक वेगळ्या वहीत लिहायची आणि पुढं कारण: चिन्ह, पाढा, की सूत्र. बहुतेकांच्या वहीत सूत्र तिसऱ्या नंबरावर असतं. आणि चुकीला वजा गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ही एकच ट्रिक मी सांगते.

खरं तर हे माझ्या बैठकीच्या खोलीत होण्याचं कामच नव्हे. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीचे पहिले तीन-चार आठवडे आठवी ते दहावीच्या गणितासाठी राखून ठेवावेत आणि शिक्षण विभागानं ते वेळापत्रकात घालून द्यावेत. जादा खर्च काही नाही. तोवर पालकांनी वाट पाहू नये. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. आठवीचं गणित आजच घ्या.