बाहेर पडून जायचे कुठे?

एखाद्या बुवाच्या मठावर पोलिसांचा छापा पडला की दोन मते हमखास ऐकू येतात. बुवाने हे सगळे पैशासाठी केले, हे एक. आणि त्याच्या नादी लागलेल्यांनी अक्कल गहाण टाकली होती, हे दुसरे. दोन्ही मते बोलणाऱ्याला सुखावतात, कारण आपण त्यातले नव्हे असा निर्वाळा त्यांतून आपोआप मिळतो. पण ती तपासून पाहिली तर टिकत नाहीत, आणि आत अडकलेल्या माणसाचे त्यांनी नुकसानच होते.

गयानाच्या जंगलातल्या जोन्सटाउनचे प्रकरण यासाठी मुळातून पाहावे. १८ नोव्हेंबर १९७८ या एका दिवसात तिथे आणि आसपास ९१८ माणसांचा जीव गेला. त्यांत ३००च्या आसपास मुले होती.

ही वस्ती ज्याची होती त्या पीपल्स टेंपल पंथाचा प्रमुख जिम जोन्स लुटारू होता, यात वाद नाही. वृद्ध भक्तांच्या पेन्शनचे धनादेश आणि घरे विकून आलेली रक्कम पंथाच्या तिजोरीत जात असे. पण पैसा हेच साध्य असते तर तो पैसे घेऊन पळाला असता. पंथाचे ७० लाखांहून अधिक डॉलर परदेशी बँकांत होते. जोन्स जंगलातल्या साध्या घरात राहत होता, आणि ती रक्कम सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाला द्यावी अशी पत्रे शेवटच्या दिवशी तयार झाली. त्याला हवा होता माणसांवरचा ताबा, आणि तोही कणभर न सांडता.

आदल्या दिवशी अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन चौकशीसाठी वस्तीत आले होते. त्यांच्याबरोबर परत जायला हजारभर लोकांतून जेमतेम पंधरा-सोळा जण तयार झाले. दुसरा कुणी पुढारी एवढ्या गळतीला हसला असता. जोन्सला मात्र तो सर्वनाश वाटला. पोर्ट कैतुमाच्या धावपट्टीवर त्याच्या बंदूकधाऱ्यांनी रायन यांच्यासह पाच जणांना ठार केले आणि इकडे वस्तीत सायनाइड कालवले गेले. जपानच्या ओम शिनरिक्यो या पंथातही हेच दिसते. फेब्रुवारी १९९५मध्ये पंथातून निसटलेल्या एका बाईचा ठावठिकाणा काढण्यासाठी तिच्या भावाला पळवून नेण्यात आले. तो पंथाच्या ताब्यातच मेला. टोकियोच्या भुयारी रेल्वेत या पंथाने सरीन वायू सोडला तो त्यानंतरच्या महिन्यात. एक माणूस उठून गेला की अशा गुरूची सगळी सत्ता खोटी ठरते, म्हणून जाणारा त्याला शत्रूहून मोठा शत्रू वाटतो.

आता भक्तांच्या अकलेविषयी. सरीन सोडणाऱ्यांत इकुओ हयाशी हे हृदयशल्यविशारद होते. बाकीच्यांतही विज्ञान शिकलेले होते. जोन्सकडे माणसे आली ती त्या काळातल्या एका खऱ्या अन्यायामुळे. इंडियानापोलिसमध्ये गोरे आणि काळे एका बाकावर बसत नसत तेव्हा त्याने त्यांना एकत्र बसवले, भुकेल्यांना जेवू घातले. १९६१मध्ये त्या शहराच्या मानवी हक्क आयोगाची जबाबदारी त्याच्याकडे होती; १९७६मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी त्याला गृहनिर्माण मंडळावर नेमले. महापौरांनाही जो ओळखता आला नाही, तो एखाद्या कष्टकरी आजीने ओळखायला हवा होता, असे म्हणणे हा अन्याय आहे.

मेंदू धुतला की माणूस संपला, हा समजही असाच. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी १९७९मध्ये लंडन परिसरात युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांना गेलेल्या हजाराहून अधिक लोकांचा माग काढला. दहांतले नऊ जण पंथात शिरलेच नाहीत, आणि शिरलेल्यांतले बहुतेक दोनेक वर्षांत आपापल्या पायांनी बाहेर पडले.

मग काही जणांना निघणे इतके अवघड का जाते? जोन्सटाउनमध्ये पोचताच पासपोर्ट काढून घेत. नवऱ्याने बायकोची, मुलांनी आईबापांची चुगली करावी, अशी तिथली रीत होती. ग्रेस स्टोन १९७६मध्ये निघाल्या, पण त्यांचा लहानगा मुलगा मागे राहिला. त्याला परत मिळवायला त्या कोर्टात गेल्या, तरी तो शेवटी तिथेच मेला. डेबोरा लेटन मे १९७८मध्ये निसटल्या तेव्हा त्यांची कर्करोगाने आजारी आई वस्तीतच होती. लेटन यांना राजधानी जॉर्जटाउनमधल्या कामावर पाठवले होते आणि तिथे अमेरिकी वकिलात होती, म्हणूनच त्यांना वाट सापडली. १८ नोव्हेंबरच्या सकाळी सहलीला जातो असे सांगून अकरा जण जंगलातून चालत सुटले. एका तरुण आईने तीन वर्षांच्या मुलाला पाठीशी बांधले होते. चुगलीच्या त्या गावात या अकरा जणांनी एकमेकांवर विश्वास टाकला, हे त्यांचे सर्वांत मोठे धाडस.

१९७३मध्ये टेंपलमधून बाहेर पडलेल्या आठ तरुणांची गोष्ट तर पंथांच्या विरोधकांनी आवर्जून वाचावी. काळ्या भक्तांच्या पंथात अधिकार मात्र गोऱ्यांच्या हाती, या रागाने ते गेले. जाताना लिहिलेल्या पत्रात जोन्सची स्तुतीच होती! श्रद्धा शाबूत होती, तरी पाय निघाला. ज्या समतेसाठी ते आले, तिच्याच बळावर ते गेले. अशा माणसाच्या श्रद्धेची टवाळी केली तर तो पुन्हा आतच ढकलला जातो.

यावर आक्षेप येईल की भक्तांनीही हातात बंदुका घेतल्या, त्यांचे काय? त्यांचा हिशेब न्यायालयात व्हायलाच हवा, आणि काहींचा झालाही. पण जोन्सटाउनच्या अखेरच्या सभेतही क्रिस्टीन मिलर ही साठीची बाई उभी राहून, मुलांना जगू द्या, असे सांगत होती. जमावाने तिला गप्प केले. तिला मूर्खांच्या गर्दीत ढकलणारे मत कुणी मांडू नये.

टेंपल सोडलेल्या मिल्स दांपत्याने बर्कलीत बाहेर पडणाऱ्यांसाठी निवारा उघडला होता. आपल्याकडे तशी सोय कुठे आहे? महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले. त्यात भोंदूला कैद आहे, दंड आहे. घर आणि नोकरी मठाला वाहून रिकाम्या हातांनी परतलेल्या बाईच्या राहण्याची सोय त्यात नाही. ती कायद्याने करावी, आणि तोवर तिच्या माहेरच्यांनी तिला फोन करत राहावे, गुरूचा विषय न काढता.