शब्दाला धनी हवा

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी चर्चच्या पडवीत उभा होतो. एक परिचित गृहस्थ मोबाइल पुढे करीत जवळ आले. "फादर, हे वाचलंत का?" मी वाचले. धर्मग्रामाच्या सणाच्या जमाखर्चात खजिनदाराने हात मारला आहे, असा मजकूर होता. आकडे होते, उद्गारचिन्हे होती. लिहिणाऱ्याचे नाव मात्र नव्हते. "हे लिहिलं कुणी?" मी विचारले. "ते ठाऊक नाही, फादर. मला आलं, मी फक्त पुढे पाठवलं."

पुढे धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत सगळी खातेवही उघडली गेली. पावतीला पावती जुळली. एका पैशाचीही तफावत निघाली नाही. परंतु हा निकाल पुढे पाठवण्याचे श्रम फार थोड्यांनी घेतले. तो खजिनदार आज शेजारच्या धर्मग्रामात, पहाटेच्या मिस्साला, शेवटच्या बाकावर बसतो. वीस वर्षे सेवा केलेल्या माणसाला गावाने असे घालवले. आणि घालवले कुणी, असे विचारले तर कुणीच नाही! प्रत्येकाने फक्त पुढे पाठवले.

हे 'फक्त' मला मान्य नाही, आणि त्याच्याविरुद्धच हा लेख आहे.

असा प्रसंग घडला की आपल्यातील काही वडीलधारे व काही धर्मगुरूही एक सोपा निष्कर्ष काढतात. ते म्हणतात, पूर्वी लिहिणारे मोजके होते. आता ज्याच्या त्याच्या हाती लेखणी आली आणि समाज बिघडला. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. सामान्य माणसाच्या हाती लेखणी आली हे चांगलेच झाले. बिघाड झाला तो लिहिणारा आपल्या शब्दामागून नाहीसा झाला तेव्हा. या दोन गोष्टींची गल्लत केली, तर आपण रोग सोडून रोग्यालाच मारू.

थोडा इतिहास आठवू या. इंटरनेटवर स्वतःची वही उघडून तीत नित्य लिहिण्याच्या प्रथेला १९९७ मध्ये 'वेबलॉग' हे नाव मिळाले. १९९९ मध्ये त्याचे 'ब्लॉग' झाले. मराठीत कोणी तिला अनुदिनी म्हटले, कोणी जालनिशी. १९९९ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली आणि छापखाना, कागद, वितरक यांच्यावाचून कोणालाही प्रकाशक होता येऊ लागले. लिहिणाऱ्याची वही एक, पत्ता एक. काल काय लिहिले ते आज वाचकासमोर उघडे. खाली वाचकाने विचारलेला प्रश्नही उघडा. चुकला तर त्याच वहीत दुरुस्ती करावी लागे. त्या वहीला धनी होता.

असा धनी असला म्हणजे शब्द काय करू शकतो, ते व्यापाराच्या क्षेत्रात पाहा. २००५ साली आपल्या देशात एका व्यवस्थापन शिक्षणसंस्थेच्या पानपानभर जाहिरातींतील दावे एका युवा मासिकाने तपासले. एका तरुणाने आपल्या ब्लॉगवर त्या लेखाचा पुरस्कार केला. संस्थेने कायदेशीर कारवाईची धमकी दिली. तो ज्या मोठ्या कंपनीत नोकरीला होता तिच्यावरही दडपण आले. त्याने काय करावे? कंपनी अडचणीत नको म्हणून नोकरीचा राजीनामा दिला, शब्द मात्र मागे घेतला नाही. पुढे सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या संस्थेला आपल्या अभ्यासक्रमांसाठी 'एमबीए' यांसारखी नावे वापरण्यास मनाई केली. कोट्यवधींच्या जाहिरातींपुढे एका पगारदार माणसाचा सहीनिशी लिहिलेला शब्द टिकला. आपल्या मुलांच्या फीसाठी वाडीचा तुकडा विकणाऱ्या बापाला अशा शब्दाचे मोल कळेल.

त्याच क्षेत्रात धनी विकला गेला म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले. मालाची स्तुती पैसे घेऊन लिहिली जाऊ लागली आणि वाचक तिला मित्राचा सल्ला समजू लागला. म्हणून २००९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ब्लॉगवर लिहिणाऱ्यांनी मोबदला घेतला असल्यास तसे सांगावे, असे बजावले. आपल्याकडे जाहिरातींच्या मानकांवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रचारासाठी तशीच नियमावली आणली. या दोन्ही नियमांचा गाभा एकच: बोलणारा कोण आणि कोणाच्या पैशाने बोलतो, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

बातमीचे उदाहरण घ्या. २००४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या तरुणपणीच्या सैनिकी सेवेविषयी काही कागदपत्रे दाखवली. काही तासांतच इंटरनेटवर लिहिणाऱ्यांनी शंका काढली की १९७० च्या दशकातील म्हणवल्या जाणाऱ्या या कागदांवरील अक्षरे संगणकाची दिसतात. दोन आठवड्यांच्या आत संस्थेला कबूल करावे लागले की कागद खरे असल्याची खात्री आपण देऊ शकत नाही. विख्यात वृत्तनिवेदक डॅन रादर यांनी पुढल्या मार्चमध्ये आपले आसन सोडले. अनेकांनी यात सामान्यांचा विजय पाहिला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चूक पकडता आली, कारण त्या चुकीला पत्ता होता. दार ठोठावायला दार होते. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली, तेव्हा मुंबईतील काही लेखकांनी ब्लॉग उघडून मदतीची आणि बेपत्ता माणसांची माहिती एकत्र आणली. तेथेही माहिती देणारा कोण, हे विचारण्याची सोय होती.

आता आपल्या दाराशी या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा संदेश तेव्हा गावोगाव मोबाइलवर फिरत होता. त्या काळात देशभर पसरलेल्या अशा संदेशांसोबत एक चित्रफीत असे. ती मूळ पाकिस्तानातील, मुलांच्या सुरक्षेविषयी लोकांना जागे करण्यासाठी बनवलेली. तिचा शेवटचा खुलासा कापून टाकला आणि उरलेला तुकडा पुरावा म्हणून पाठवला गेला. कापणारा कोण? ठाऊक नाही. पाठवणारे किती? अगणित. आणि त्यांतील प्रत्येक जण मनाशी म्हणत असेल, मी फक्त पुढे पाठवले. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, अशाच अफवांच्या दिवसांत दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. त्यानंतर या हत्येमागे ख्रिस्ती मिशनऱ्यांचा हात आहे, असे आरोपही समाजमाध्यमांतून फिरले. तेव्हा आपण किती व्यथित झालो होतो! पुरावा कोठे, लिहिणारा कोण, असे आपण पोटतिडकीने विचारत होतो. मग तेच दोन प्रश्न आपल्या खजिनदाराच्या वेळी आपल्याला का सुचले नाहीत?

याच पालघरची आणखी एक आठवण ठेवली पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर स्वतःच्या नावाने प्रश्न विचारला. दुसरीने त्याला पसंती दिली. दोघींनाही अटक झाली. एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्दबातल ठरवले, त्या खटल्यामागे ही घटना होती. ज्या मुलींनी नाव लपवले नाही त्यांच्या दारी पोलीस आले. पाच भिक्षेकऱ्यांच्या मृत्यूला कारण झालेल्या मजकुराचा पहिला लेखक मात्र अंधारातच राहिला. सहीनिशी बोलणाऱ्याला आपण शिक्षा करतो आणि निनावी बोलणाऱ्याला कान देतो. मग लोक सही करणे सोडतील यात नवल ते काय?

येथे एक रास्त आक्षेप येतो. दुर्बळाने काय करावे? नाव सांगितले तर ज्याची नोकरी जाईल, जीव जाईल, त्याने गप्प बसावे काय? बांगलादेशात २०१३ पासून अनेक ब्लॉगलेखकांच्या हत्या झाल्या. अविजित रॉय यांना २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ढाक्यात, पुस्तकमेळ्यातून परतताना, रस्त्यात तोडले गेले. अशांना नाव सांगा असा उपदेश मी या सुरक्षित निवासात बसून करणार नाही. पण टोपणनाव आणि निनावीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रे येऊ लागली. त्या नावामागे गोपाळ हरी देशमुख होते. पत्रामागून पत्र त्याच नावाने आले. वाचकांनी वाद घातला तो त्याच नावाशी. आणि कोणाचे पत्र छापतो याची जबाबदारी संपादक भाऊ महाजनांवर होती. २००३ मध्ये युद्धाच्या छायेतील बगदादहून 'सलाम पॅक्स' या नावाने लिहिणाऱ्या तरुणाचेही तसेच. त्याचा खरेपणा वाचकांनी महिनोन्‌महिने पारखला. टोपणनाव हा मुखवटा असेल, पण त्यामागे तोंड असते. पुढे ढकललेल्या संदेशाला तोंडच नसते.

छापील शब्दाच्या बाबतीत हे तत्त्व आपल्या देशाने फार पूर्वी मान्य केले. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. तो कायदा परकीय सरकारने लोकांवर नजर ठेवण्यासाठी केला, हे खरे. तरीही त्याचा एक परिणाम चांगला झाला: आमच्या पत्रकारांना शब्दाची किंमत स्वतः मोजण्याची सवय लागली. १८९७ मध्ये 'केसरी'तील मजकुरासाठी लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ती त्यांनी पत्राचे धनी म्हणून भोगली. मी फक्त छापले, असे म्हटले नाही.

आता आपल्या धर्मशिक्षणाकडे वळू. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. साक्षीदार म्हणजे उभा राहून, नाव सांगून, पाहिले ते बोलणारा. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ या आज्ञेखाली तीन पापे वेगळी करतो: पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी मानणे, खरा दोष असला तरी कारणाविना तो चव्हाट्यावर मांडणे, आणि खोटे सांगून बदनामी करणे. अज्ञात संदेश पुढे पाठवणारा बहुधा पहिले पाप करतो आणि तिसऱ्यात भागीदार होतो. शिवाय त्याच ग्रंथाची शिकवण अशी की ज्याची अप्रतिष्ठा केली त्याची भरपाई करण्याचे कर्तव्य क्षमा मिळाली तरी सुटत नाही. ज्या दोनशे मोबाइलांवर ते विष गेले, त्या दोनशेंवर औषधही गेले पाहिजे. हे मी पापनिवेदनाच्या कुजबुजीत सांगत नाही. वेदीवरून सांगितले आहे आणि येथे लिहून ठेवतो.

संत फ्रान्सिस दी सेल्स यांना १९२३ मध्ये अकरावे पायस यांनी लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले, त्यामागेही हाच धडा आहे. १५९४ मध्ये ते शाब्ले प्रांतात गेले तेव्हा त्यांचे प्रवचन ऐकायला फारसे कोणी येईना. मग त्यांनी पत्रके लिहून लोकांच्या दारांखालून आत सरकवली. दाराखालून येणारा कागद! आजच्या संदेशाशी केवढे हे साम्य. पण फरकही तेवढाच मोठा. त्या कागदातला विचार मांडणारा माणूस त्याच लोकांत वावरत होता, प्रवचन करीत होता. त्याला गाठून खोडून काढण्याची मुभा ज्याला त्याला होती.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. मोबाइल समुद्रात फेका, असे मी म्हणत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तर २०१० च्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात धर्मगुरूंनी ब्लॉगसारखी नवी साधने सुवार्तेसाठी वापरावीत, असे आवाहन केले होते. तरुणांनो, तुम्ही लिहा. वाडीतल्या विहिरींच्या खारट झालेल्या पाण्याविषयी लिहा, बिल्डरांच्या भुलथापांविषयी लिहा, धर्मग्रामाच्या हिशेबाविषयी लिहा, माझ्या लांबलेल्या प्रवचनाविषयीही लिहा. फक्त खाली नाव घाला. आणि जे नाव घालून लिहितात त्यांच्यावर तुटून पडू नका, हे मी वडीलधाऱ्यांना सांगतो. धर्मगुरूंनाही सांगतो, कारण सहीनिशी केलेली टीका आपण पचवली नाही, तर निनावी टीका आपल्या वाट्याला येईल आणि ती आपणच ओढवून घेतलेली असेल.

आणि ज्या संदेशाचा लिहिणारा ठाऊक नाही तो आपल्या हातात मरू द्या. पाठवायचाच असेल, तर वर लिहा: हे मी, अमुक तमुक, खरे मानतो आणि याचे उत्तर मी देईन. असे लिहिताना बोट अडखळले, तर तो संदेश पाठवण्याच्या लायकीचा नव्हता असे समजा.

त्या खजिनदाराच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. चहा मिळाला, बोलणे झाले नाही. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांतले अजून कोणी त्या ओटीवर गेलेले नाही. पुढच्या सणाच्या आत कोणी जाईल, अशी मी वाट पाहतो आहे.

या लेखाखाली माझे नाव छापले आहे. यात चूक आढळली, तर संपादकांना पत्र पाठवा, सहीनिशी. मी उत्तर देईन.