दारातले फळझाड आणि घरातले 'औषध'

पावसाळा जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतात. दारातल्या लिंबोणीला फळ धरत नाही, पपईवर कापसासारखे पांढरे काहीतरी चिकटले आहे, पेरू पिकायच्या आत किडतो. आणि शेवटी विचारलेले असते, "कोणते औषध मारावे?"

माता-भगिनींनो, आज या 'औषध' शब्दापासूनच सुरुवात करू. पिकावर मारायचे हे औषध म्हणजे विष असते. गावाहून येताना कोणी नातेवाईक थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कपाशीवरचे थोडे औषध घेऊन येतो. ती बाटली मोरीजवळ नाहीतर माळ्यावर राहते. एका खोलीच्या संसारात लहान मुलांच्या हाताला काय लागणार नाही, हे कोण सांगू शकेल? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते तर मोकळ्या रानात होते. आपल्याकडे फवारलेले झाड खिडकीला लागून असते आणि खाली पिण्याच्या पाण्याची घागर असते. मोनोक्रोटोफॉससारखे विष भाजीपाल्यावर मारण्यास २००५ पासूनच बंदी आहे. मूळ डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. बाटली बदलली की ही खूणही गेली आणि आत काय आहे तेही कळेनासे झाले.

मग किडीचे करायचे काय? आम्ही म्हणतो, आधी झाडाची निवड नीट करा. जागा न मानवलेले झाड अशक्त राहते आणि अशक्त झाडावर कीड लवकर बसते.

लिंबोणीला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन हवे. चाळीच्या सावलीतल्या गॅलरीत ती वाढेल, पण फळणार नाही. तिथे पुदिना, गवती चहा लावावा. ऊन असेल तर पत्र्याच्या अर्ध्या पिंपाला तळाशी भोके पाडून कागदी लिंबू लावता येते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' ही जात चांगली आहे. बीपासून केलेल्या रोपाला फळ धरायला चार-पाच वर्षे जातात, हे ध्यानात ठेवून धीर धरावा.

पपई वर्षाच्या आत फळ देते, म्हणून सर्वांना हवीशी वाटते. पण तिच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचले तरी झाड जाते. सखल वस्तीत ती उंचवट्यावरच लावावी. साध्या जातीत काही झाडे नर निघतात. त्यांना लांब लोंबत्या दांड्यावर फुले येतात आणि फळ धरत नाही. म्हणून दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर निवड करावी. वाऱ्याने ती मोडून पडते, तेव्हा छपरापासून आणि विजेच्या तारेपासून दूर ठेवावी.

पाण्याची ओढ असलेल्या मराठवाड्या-विदर्भातल्या वाचकांनी सीताफळाचा विचार करावा. ते कमी पाण्यावर तग धरते आणि शेळ्या त्याचा पाला सहसा खात नाहीत. मात्र त्याच्या बियांची पूड उवांसाठी मुलींच्या डोक्याला लावू नये. ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते. पेरूची 'सरदार' ही जात पुण्याच्या गणेशखिंडीत निवडली गेली. आपल्या हवेत ती चांगली येते. रोपवाटिकेतल्या सफरचंदाच्या रोपाला मात्र भुलू नये. त्याला लागणारी थंडी आपल्याकडे पडत नाही.

आता हवामान. उन्हाचा तडाखा बसला की लिंबोणीची फुले आणि बारीक फळे गळतात. त्यावेळी बुंध्याभोवती वाळला पाला पसरावा, दुपारी जुन्या साडीची सावली करावी, पाणी सकाळी किंवा संध्याकाळी घालावे. चार दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात. पावसात पानाफळांवर खरखरीत तपकिरी ठिपके येतात, तो खैऱ्या रोग. तशा फांद्या उघाडीच्या दिवशी छाटून लांब टाकाव्या.

किडीसाठी पहिले हत्यार म्हणजे आपले हात. लिंबोणीच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ती मोठी झाली की हिरवी होते आणि रोपाची पाने फस्त करते. सकाळी चहाआधी पाहिली तर बोटाने वेचता येते. मावा आणि पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर पाण्याचा जोराचा फवारा मारावा. लिटरभर पाण्यात पाव चमचा साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी शिंपडावे. मुंग्यांची रांग दिसली तर समजावे की वर चिकटा सोडणारी कीड आहे. त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या किडीची राखण करतात.

पेरूत अळ्या पडतात त्या फळमाशीमुळे. ती फळाच्या सालीत अंडी घालते, वरून फवारून आतली अळी मरत नाही. फळ लिंबाएवढे झाले की त्याला कागदाची किंवा जुन्या धोतराच्या कापडाची पिशवी बांधावी. खाली पडलेली फळे रोज उचलावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळाही उपयोगी आहे.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची हकीकत सर्वांनी वाचण्याजोगी आहे. ही परदेशी कीड २००८ साली कोइंबतूरला आढळली आणि बघता बघता महाराष्ट्रातही पोहोचली. शेतकऱ्यांनी विषाचे फवारे मारले, तरी ती हटेना. २०१० साली बंगळुरूच्या शासकीय कीटक संशोधन संस्थेने पोर्टो रिकोहून एक अगदी बारीक गांधीलमाशी आणवली. ती या ढेकणाच्या अंगातच अंडी घालते. तिला सोडल्यावर कीड आटोक्यात आली. आपण दारात जहाल विष मारतो, तेव्हा असे मित्रकीटकही मरतात आणि कीड दुप्पट जोमाने परत येते.

यापलीकडे गरज पडली तर निंबोळीचा अर्क पुरेसा आहे. जूनच्या सुमारास विहाराच्या आवारातल्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. मुलांना घेऊन त्या गोळा कराव्या, गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्या. पन्नास ग्रॅम बिया कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्या, फडक्याने गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवाराव्या. वर्षावासाच्या महिन्यांत कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्या. त्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

आणि आजच माळा तपासा. विषाची बाटली सापडली तर ती गटारात वा विहिरीत ओतू नका, रिकामी झाल्यावर पाण्याला वापरू नका. नाव लिहून कुलपात ठेवा आणि पुन्हा आणू नका. कोणाच्या पोटात गेलेच तर मीठपाणी पाजून उलटी काढण्यात वेळ दवडू नये. बाटली सोबत घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठावा. काय पोटात गेले हे डॉक्टरांना लगेच कळले, तर उपचारही लगेच सुरू होतो.