आधी घरात येऊन तर बघा

मूल दत्तक मागणाऱ्यांच्या घरी जाऊन अहवाल लिहिण्याचं काम मी पुण्यात २६ वर्षं केलं. पगाराचे कागद तपासायचे, पोलीस दाखला बघायचा, आणि मग एक प्रश्न हमखास विचारायचा : मूल रात्री तापाने फणफणलं, तर कोण उठणार? उत्तर देताना माणसं एकमेकांकडे कशी बघतात, त्यावरून मला घर कळायचं.

निवृत्तीनंतर दोन बायका माझ्याकडे सल्ल्याला आल्या. एक शिक्षिका, दुसरी बँकेत. ११ वर्षं एकत्र संसार. एकटी स्त्री मूल दत्तक घेऊ शकते, म्हणून एकीने अर्ज करायचा आणि दुसरीला 'मैत्रीण' म्हणून दाखवायचं, असं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, "खोटं लिहू नका. मुलाची सुरुवात खोट्यावर नको." दोघींनी माना हलवल्या, चहा संपवला आणि गेल्या. मूल मागायचा विचारच त्यांनी सोडला. माझा सल्ला नियमाला धरून होता, तरी तो मला अजून टोचतो.

कारण नियमच असा आहे. २०२२च्या दत्तक नियमावलीप्रमाणे जोडप्याला मूल हवं, तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं, आणि या दोघींना लग्न करता येत नाही. जोडीदारासोबत लग्नाविना राहणाऱ्या एकट्या अर्जदाराचा अर्ज घ्यायचा नाही, असंही दत्तक प्रक्रियेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, म्हणजे 'कारा'ने, त्याच वर्षी कळवलं. म्हणजे एकेकट्या राहिल्या असत्या, तर दोघी पात्र होत्या. सोबत राहतात, म्हणून अपात्र.

१७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न तीन विरुद्ध दोन मतांनी अडला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांनी ही अट भेदभावाची ठरवली. बहुमताची काळजी अशी, की अविवाहित जोडपं तुटलं तर मुलाला कायद्याचं संरक्षण नाही. काळजी खरी आहे. पण मग ते संरक्षण द्या ना! आज अशा घरातल्या मुलाला एकाच आईचं नाव मिळतं. ती आई गेली, तर ज्या दुसरीने त्याला भरवलं, निजवलं, तिचा कागदावर काडीचा हक्क नाही.

उरतो समाज. "शाळेत पोरं चिडवतील," असं मला चांगली माणसंही सांगतात. नव्वदच्या दशकात दत्तक लपवायला पोटाला उशी बांधून गावभर गरोदर म्हणून वावरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. "कुणाचं रक्त कोण जाणे," या एका वाक्याची तेव्हा केवढी धास्ती होती! आज तीच घरं मूल घरी आल्याचा दिवस पेढे वाटून साजरा करतात. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेतलं, यशवंत म्हणून वाढवलं, डॉक्टर केलं. लोकांची संमती येईपर्यंत ते थांबले नाहीत. चिडवणारी पोरं घरातून ऐकूनच चिडवतात, तेव्हा सुधारायचं आपण मोठ्यांनी आहे.

मी कुणालाही सरसकट मूल द्या म्हणत नाही. नालायक वाटलेल्या कितीतरी विवाहित जोडप्यांना मी नकार लिहिला आहे. या दोघींचीही तशीच कडक तपासणी व्हावी. मूल तापलं तर कोण उठणार, हा प्रश्न त्यांनाही कुणीतरी घरी जाऊन विचारावा. आणि उत्तर पटलं, तर अहवालात दोघींची नावं लिहिता यावीत.