नावांचे दप्तर संस्थेच्याच ताब्यात असावे

महाविद्यालय, सहकारी बँक किंवा नगरपालिका यांच्या कचेरीत जे संगणक आज परस्परांशी जोडलेले असतात, ते सर्व एकाच प्रणालीचे क्वचितच असतात. लेखाशाखेत विंडोज, प्रयोगशाळेत लिनक्स आणि प्रकाशन विभागात मॅक अशी सरमिसळ सर्रास आढळते. या यंत्रांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगणारा, म्हणजे नावावरून अंकी पत्ता शोधून देणारा जो डीएनएस सर्व्हर, तो कोणत्या व्यवस्थेच्या हाती असावा याचा विचार मात्र सहसा होत नाही. विंडोजचा सर्व्हर संस्थेच्या प्रवेशव्यवस्थेसाठी बसवला की त्यासोबतच सहसा त्याचा डीएनएसही सुरू होतो, आणि साऱ्या संस्थेच्या नावांचे दप्तर कोणी तसा निर्णय न घेताच त्याच्या स्वाधीन होते. माझ्या मते हे दप्तर मुक्तस्रोत सर्व्हरवर असावे आणि त्याची जबाबदारी संस्थेच्या स्वतःच्या सेवकवर्गाकडे असावी.

हा आग्रह डीएनएसच्या मूळ तत्त्वाशी सुसंगत आहे. पूर्वी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेल्या एकाच फाइलमध्ये साऱ्या जाळ्यातील संगणकांची नावे लिहिली जात. ती यादी आवाक्याबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी अधिकार वाटून देण्याची, ज्याची नावे त्यानेच सांभाळावीत अशी, योजना मांडली. पुढील वर्षी बर्कली येथील विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी लिहिलेला बाइंड हा सर्व्हर अनेक पुनर्लेखनांनंतर आजही कोणासही विनामूल्य उपलब्ध आहे.

बाइंड वापरताना खरी अडचण येते ती ॲक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोजच्या, वापरकर्ते व संगणक सांभाळणाऱ्या व्यवस्थेपाशी. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या डोमेनचा सारा कारभार डीएनएसवर अवलंबून आहे. सकाळी कारकुनाने संगणक सुरू केला की तो प्रथम प्रवेशाची परवानगी देणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, कोठे आहे हे एसआरव्ही नावाच्या नोंदींतून विचारतो, आणि ती नोंद सापडली नाही तर कंट्रोलर शेजारच्याच खोलीत धडधाकट चालू असूनही प्रवेश मिळत नाही. या नोंदी कंट्रोलर स्वतःच दाखल करतो व बदलतो. जमिनीचा फेरफार जसा संबंधितांना नोटीस देऊन व शहानिशा करूनच मंजूर होतो, तशीच येथेही नोंद बदलू पाहणाऱ्याची ओळख पटावी लागते. विंडोज ती केर्बेरोस या ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या साहाय्याने पटवते, आणि त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात, कारण पाच मिनिटांहून अधिक तफावत साधारणतः चालत नाही.

यावर मला सर्वांत समाधानकारक वाटणारी तजवीज अशी: संस्थेचा मुख्य झोन, म्हणजे तिच्या नावाखालील नोंदींचा संच, बाइंडवर ठेवावा, आणि कंट्रोलरच्या नोंदी ज्यांत असतात ते अधोरेखेने सुरू होणारे उपझोन तेवढे रीतसर विंडोजकडे सोपवावेत. मग विंडोज, लिनक्स, मॅक, मुद्रणयंत्रे या सर्वांची नावे यंत्रांना अंकी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरने सामायिक गुप्त किल्ली वापरून बाइंडमध्ये नोंदवावीत, म्हणजे कोणत्याही प्रणालीस विशेष मुभा उरत नाही. जेथे विंडोज सर्व्हर घेण्याची ऐपत अथवा इच्छा नाही, तेथे सांबा आहे. १९९२ च्या सुमारास अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात आरंभलेला हा प्रकल्प २०१२ च्या अखेरीपासून स्वतःच डोमेन कंट्रोलरचे काम करतो आणि बाइंडशी जोडताही येतो.

दोन चुका मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, डोमेनला ‘लोकल’ हे अंत्यपद देण्याची. मॅक आणि अनेक लिनक्स यंत्रे त्या अंत्यपदाची नावे सर्व्हरला न विचारता शेजारच्या यंत्रांनाच विचारतात, तेव्हा संस्थेच्या नोंदणीकृत नावाखालीच उपनाव घ्यावे. दुसरी चूक अधिक प्रचलित आहे: संगणकांना पहिला सर्व्हर आपला आणि दुसरा इंटरनेट पुरवठादाराचा देणे. पहिल्याकडून उत्तरास थोडा विलंब झाला की संगणक दुसऱ्यास विचारतो, तो आपल्या अंतर्गत नावाबद्दल ‘असे नाव नाही’ असे कळवतो, आणि संगणक ते उत्तर प्रमाण मानतो. मग दिवसभर बिघाडाचा शोध भलत्याच ठिकाणी चालतो. दुसरा सर्व्हरही आपलाच असावा, आणि बाहेरची चौकशी त्या दोघांनीच करावी.

मुक्तस्रोत सर्व्हरमध्ये बिघाड झाल्यास जाब कोणास विचारायचा, असा आक्षेप व्यवस्थापक घेतात, आणि तो रास्त आहे. परंतु बाइंडचा झोन ही साध्या मजकुराची, प्रमाणित स्वरूपाची फाइल असते. नव्याने रुजू झालेला जाणकार ती वाचू शकतो आणि उद्या सर्व्हर बदलला तरी ती बरोबर नेता येते. तेव्हा परवान्यांवर काही रक्कम वाचलीच तर ती बचत म्हणून न दाखवता दुसऱ्या सर्व्हरसाठी आणि किमान दोघा सेवकांच्या प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली राखून ठेवावी, आणि झोनमधील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद ठेवण्याचा लेखी हुकूम काढावा.